झीज आणि जखम : जुन्या नाण्यांची प्रत कशी ठरते

दिवाळीच्या अमावास्येला भगवान महावीरांच्या निर्वाणाचे स्मरण झाल्यावर व्यापारी घरांतून चोपडापूजन होते. त्या निमित्ताने तिजोरीच्या तळाशी असलेली जुनी डबी वर्षातून एकदा बाहेर येते. तीत पणजोबांच्या काळचे रुपये असतात : राणीचे, बादशहाचे, क्वचित एखादा घणाने ठोकलेला जाड संस्थानी रुपया. ते पूजेत मांडण्यापूर्वी उजळले पाहिजेत, अशी बहुतेक घरांची समजूत असते. मग चिंच, राख, दंतमंजन, नाहीतर बाजारात तयार मिळणारी पावडर घेऊन ते घासले जातात. काळवंडलेला रुपया दहा मिनिटांत लखलखू लागतो आणि घरातील सर्वांना समाधान वाटते. नाणेसंग्राहकाच्या हिशेबाने मात्र शंभर वर्षे बाजारात फिरून त्या रुपयाचे जेवढे नुकसान झाले नव्हते, तेवढे त्या दहा मिनिटांत झालेले असते.

हे विधान अतिशयोक्तीचे वाटण्याजोगे आहे. परंतु नाण्याची प्रत कशी ठरते हे कळले म्हणजे ते तसे वाटत नाही.

टांकसाळीत दोन ठशांमध्ये चकती दाबली जाते तेव्हा धातू क्षणभर वाहतो. तो मध्यापासून कडेकडे सरकतो आणि त्या सरकण्याच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर उमटून राहतात. नवे नाणे एकाच दिव्याखाली धरून हळूहळू कलते केले, तर या रेषांवरून परावर्तित होणारा प्रकाश गाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखा फिरताना दिसतो. हीच टांकसाळी झळाळी. घासून आणलेली चकाकी निराळी असते. ती सगळीकडे सारखी, सपाट आणि जागच्या जागी राहणारी असते. शिवाय भिंगाखाली तीत केसाएवढे असंख्य ओरखडे एकाच दिशेने गेलेले दिसतात. वाहत्या धातूच्या रेषा एकदा पुसल्या गेल्या की कोणत्याही उपायाने परत येत नाहीत. चांदीवर हवेतील गंधकाने चढलेला काळसर, तपकिरी वा निळसर राप हा दोष नव्हे. तो पृष्ठभाग अस्पर्शित असल्याची एक साक्ष आहे, आणि जाणकार ग्राहक त्या सम, सुंदर रापासाठी अधिक पैसे मोजतो.

नाण्याची प्रत सांगण्यासाठी जगभर वापरली जाणारी नावे इंग्रजीतून आली असून आपल्याकडील संग्राहकही तीच वापरतात. चलनात कधीच न आलेले ते अनसर्क्युलेटेड. त्याखाली अबाउट अनसर्क्युलेटेड, एक्स्ट्रीमली फाइन, व्हेरी फाइन, फाइन, व्हेरी गुड, गुड, आणि तळाशी फेअर व पुअर. नवख्या माणसाची पहिली फसगत या नावांनीच होते. ‘गुड’ म्हणजे चांगले, असे समजून तो नाणे घेतो. प्रत्यक्षात ‘गुड’ नाण्यावर चेहऱ्याची बाह्यरेषा, साल आणि कशीबशी वाचता येणारी अक्षरे एवढेच उरलेले असते. इतक्या झिजलेल्या वस्तूला इतके गोड नाव देणाऱ्यांचा विक्रयकलेचा अभ्यास दांडगा असला पाहिजे.

या पायऱ्या मोजल्या जातात त्या झिजेवरून; आणि झीज नेहमी उंचवट्यापासून सुरू होते. म्हणून प्रत्येक नाण्याचे उंचवटे ठाऊक असणे हे प्रत ठरविणाऱ्याचे पहिले भांडवल. १८६२ च्या राणीच्या रुपयावर प्रथम कपाळालगतचे केस आणि वस्त्रावरील नक्षी सपाट होऊ लागते. गालावर हलकीशी चपटी, मंद चकती दिसू लागली की नाणे अनसर्क्युलेटेडच्या पायरीवरून खाली उतरले. केसांची बट निराळी दिसते पण बटेतील केस मिसळून गेले आहेत, अशी अवस्था आली की व्हेरी फाइनच्या आसपास. वस्त्रावरील नक्षी पुसली जाऊन नुसता आकार राहिला की फाइन, किंवा त्याहून खाली. सातव्या एडवर्डच्या रुपयावर मुकुट नाही, उघडे मस्तक आहे. तेथे कानाची पाळी, कानावरचे केस आणि दाढी पाहावी. पाचव्या जॉर्जचा मुकुट, भुवई आणि झग्यावरील साखळीचे बारकावे पाहावेत.

त्या साखळीत एक लहानसा हत्ती आहे. १९११ च्या रुपयावर त्याची सोंड आणि पाय असे काही आखूड उतरले की लोकांना तो डुकरासारखा भासला. मुसलमान समाजात असंतोष पसरला, टांकसाळीतील बहुतेक रुपये वितळविण्यात आले आणि १९१२ पासून हत्तीचे चित्र सुधारून घेण्यात आले. म्हणून १९११ सालचा रुपया दुर्मीळ आहे आणि आजही ‘डुक्करछाप’ म्हणून तो शोधला जातो. मात्र फार झिजलेल्या प्रतीवर हत्ती की डुक्कर हा वादच राहत नाही; राहतो एक गुळगुळीत फुगवटा. साल तेच, दुर्मीळपणा तोच, पण ज्या बारकाव्यासाठी संग्राहक ते नाणे घेतो तो बारकावाच नाहीसा झालेला असतो. प्रतीच्या एका पायरीने किंमत एवढी का हलते, याचे उत्तर या एका फुगवट्यात मिळते.

येथपर्यंतची पारख डोळ्यांची झाली. आपल्या व्यापारी परंपरेला जी पारख ठाऊक होती ती वेगळी होती, आणि तिचा इतिहास जैन समाजाशी फार जवळून जोडलेला आहे. दिल्लीच्या सुलतानांच्या टांकसाळीत काम करणाऱ्या ठक्कुर फेरू या श्रीमाळ जैन श्रावकाने १३१८ मध्ये प्राकृतात ‘द्रव्यपरीक्षा’ हा ग्रंथ रचला. गुजरात, माळवा, दिल्ली अशा निरनिराळ्या प्रदेशांच्या अडीचशेहून अधिक प्रकारच्या नाण्यांचे वजन, त्यांतील सोन्याचांदीचे प्रमाण आणि विनिमयाचे मोल त्यात नोंदविलेले आहे. सहाशेहून अधिक वर्षांनी, १९४६ मध्ये, नाहटा बंधूंना त्याची हस्तलिखित प्रत कलकत्त्यात मिळाली. फेरूंच्या ग्रंथात नाणे सुंदर आहे की नाही हा प्रश्न उद्भवत नाही. त्यांची दृष्टी मुद्रेच्या आरपार जाऊन धातूवर स्थिरावते. सराफाचा धर्मच तो होता : वजन करावे, दगडावर टणकन वाजवून नाद ऐकावा, शंका आल्यास छिन्नीने खूण करून आतला धातू पाहावा. ‘पारख’ आणि ‘पारेख’ ही आडनावे, पेशवाईतील ‘पोतदार’ हे पद, ‘खणखणीत’ हे विशेषण, ही सारी त्या परीक्षेची अपत्ये आहेत.

याच परीक्षेतून ‘बट्टा’ आला. नाणे झिजले म्हणजे त्यातील चांदी कमी झाली, म्हणून त्याच्या किमतीतून काही वजावट करणे न्याय्यच होते. पण बंगालमध्ये या न्यायाला एक विचित्र वळण लागले. सिक्का रुपया पाडल्याच्या वर्षी पूर्ण मोलाने चाले. दुसऱ्या वर्षी त्यावर बट्टा बसे, तिसऱ्या वर्षी आणखी. रुपया पेटीत बंद राहिला असला आणि त्याची कणभरही चांदी झिजली नसली, तरी त्यावरील साल जुने झाले एवढ्याने तो हलका ठरे. मुर्शिदाबादच्या टांकसाळीवर ज्यांचा प्रभाव होता ते जगत्सेठांचे घराणे ओसवाल जैन होते, आणि या व्यवहारातील लाभ त्यांच्या पेढीलाही मिळत असे, हे इतिहासात नमूद आहे; ते झाकण्याचे कारण नाही. अखेर १७९३ मध्ये कंपनी सरकारने कायद्याने शाह आलमच्या १९ व्या राज्यवर्षाचेच साल सर्व सिक्का रुपयांवर गोठविले. पुढे कित्येक वर्षे पाडलेल्या रुपयांवर तेच १९ वे साल राहिले, म्हणजे साल पाहून बट्टा घेण्याला जागाच उरली नाही. प्रत वस्तूवरून ठरवावी, तिच्यावरील आकड्यावरून नव्हे, हा धडा त्या काळी कायद्याने शिकवावा लागला.

यंत्रावर पाडलेला ‘कलदार’ रुपया आल्यावर सराफाचे काम सोपे झाले. वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम, बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. झीज दोन टक्क्यांहून अधिक झाली, म्हणजे वजन साधारण पाव ग्रॅमने घटले, की तो कायदेशीर चलन राहत नसे. तोपर्यंत नवा रुपया आणि गुळगुळीत रुपया बाजारात एकाच मोलाचे. आजोबांची पिढी या हिशेबात वाढली. तिच्या दृष्टीने रुपया घासला काय आणि न घासला काय, तोळा तो तोळाच. संग्राहकाचा हिशेब याच्या अगदी उलटा आहे. त्याला पाव ग्रॅमची पर्वा नसते, परंतु गालावरच्या एका ओरखड्याने तो अस्वस्थ होतो. घरोघरची नाणी आज जी बिघडतात ती या दोन हिशेबांमधल्या गैरसमजामुळे. तिथे निष्काळजीपणा क्वचितच असतो.

संग्राहकांच्या हिशेबाला आकड्यांची शिस्त लावली ती विल्यम शेल्डन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने. अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या मोठ्या सेंटवर त्याने १९४९ मध्ये ग्रंथ लिहिला आणि त्यात १ ते ७० अशी मोजपट्टी मांडली. तिच्यामागची कल्पना निव्वळ व्यापारी होती. जे नाणे अगदी तळाच्या अवस्थेत एक डॉलरला विकले जाते, ते निर्दोष अवस्थेत सत्तर डॉलरला जावे; मधल्या अवस्थांचे आकडे म्हणजे मधल्या किमती. बाजाराने ही गणिते लवकरच उधळून लावली, पण आकडे मात्र टिकले. आज ६० ते ७० हे अकरा आकडे चलनात न आलेल्या नाण्यांसाठी, ५० ते ५८ अबाउट अनसर्क्युलेटेडसाठी, ४० व ४५ एक्स्ट्रीमली फाइनसाठी, २० ते ३५ व्हेरी फाइनसाठी, १२ व १५ फाइनसाठी वापरले जातात आणि ‘गुड’च्या वाट्याला ४ व ६ येतात.

या पट्टीत एक गंमत आहे. टांकसाळीच्या पिशवीत नाणी एकमेकांवर आदळून त्यांच्यावर खाचा पडतात. ती झीज नव्हे, म्हणून असे खाचांनी भरलेले नाणे चलनात न येता ६० वर बसते. दुसरे एखादे नाणे चार हातांतून गेलेले, गालावर किंचित घासलेले, पण बाकी स्वच्छ आणि झळाळीदार, ते ५८. पाहणाऱ्याला ५८ चे नाणे अधिक देखणे वाटते, आणि अनेक जाणते संग्राहक ६० सोडून ५८ घेतात. आकडा डोळ्यांची जागा घेऊ शकत नाही, ही गोष्ट अशा वेळी पटते.

शेल्डन यांच्याविषयी आणखी एक गोष्ट सांगावी लागते. न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातील उत्तम सेंट त्यांनी काढून घेतले होते आणि त्यांच्या जागी त्याच जातीची पण हलक्या प्रतीची स्वतःची नाणी ठेवून दिली होती, हे त्यांच्या मृत्यूनंतर उघडकीस आले. नाण्यांची संख्या भरत होती, साल जुळत होते, ठसेही जुळत होते; बदलली होती ती फक्त प्रत. ज्याने प्रत मोजायला जगाला शिकविले त्यानेच प्रतीची चोरी केली. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ सांगितला आहे : चांगल्या वस्तूच्या जागी तिच्यासारखी दिसणारी हलकी वस्तू देणे. आचार्यांनी तो चोरीच्याच प्रकरणात का घातला असेल, हे समजण्यासाठी याहून नेमके उदाहरण मिळणे कठीण.

बाजारात हा अतिचार लहान रूपात रोज घडतो. घासलेले नाणे ‘अनसर्क्युलेटेड’ म्हणून विकणे हा त्याचा सर्वांत परिचित प्रकार. राण्यांचे रुपये पूर्वी गळ्यातील हारांत ओवले जात. त्यांचा आकडा काढून, डाख घासून, कड सारखी करून ते ‘कोरे’ म्हणून पुढे येतात. १९३९ चा चांदीचा रुपया अतिशय दुर्मीळ, म्हणून दुसऱ्या सालाचा शेवटचा आकडा कोरून तो १९३९ केलेला आढळतो. साफ बनावट नाणीही मुबलक आहेत. विश्वासाच्या या तुटीतूनच त्रयस्थ परीक्षकांचा धंदा उभा राहिला. अमेरिकेत १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या कंपन्या सुरू झाल्या. त्या नाणे तपासून, आकडा देऊन, पारदर्शक कवचात सीलबंद करतात. नाणे खरे पण घासलेले किंवा डाख लावलेले असेल तर त्याला साधा आकडा मिळत नाही. कवचावर ‘डीटेल्स’ हा शब्द आणि दोषाचे कारण छापले जाते. झीज आणि जखम या दोन गोष्टी वेगळ्या लिहिल्या पाहिजेत, हे तत्त्व त्या एका शब्दात आहे. झीज हा नाण्याच्या आयुष्याचा स्वाभाविक भाग आणि तिच्यासाठी पट्टीवर जागा आहे, जखमेसाठी नाही. कवचाचीही नक्कल होते, हे येथे जाताजाता लक्षात ठेवावे.

यंत्रापूर्वीच्या नाण्यांना मात्र ही पट्टी नीट लागू पडत नाही, आणि महाराष्ट्रातील घरांत तीच नाणी अधिक सापडतात. शिवराईचे उदाहरण घ्यावे. ठसा मोठा, तांब्याची चकती लहान, आणि हाताने मारलेला घण. त्यामुळे एका बाजूचे ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूचे ‘छत्रपति’ ही अक्षरे संपूर्ण उतरलेली शिवराई विरळाच. कोठे ‘श्री’ चकतीबाहेर गेलेली, कोठे ‘ति’ अर्धी. जे अक्षर उमटलेच नाही ते झिजले असे म्हणता येत नाही. म्हणून अशा नाण्याचे दोन स्वतंत्र निकाल द्यावे लागतात : किती अक्षरे चकतीवर आली, आणि जी आली ती किती ठसठशीत उरली. मोगल आणि संस्थानी रुपयांवर टांकसाळीचे नाव व साल चकतीवर आले आहे का, याला चेहऱ्याच्या झिजेपेक्षा अधिक मोल असते. सराफांनी तपासणीसाठी मारलेल्या लहान खुणांविषयी संग्राहकांत मतभेद आहेत. काहींना त्या जखमा वाटतात. ते मत थोडे कठोर म्हणावे लागेल; चारशे वर्षांपूर्वीच्या पेढीवरची ती स्वाक्षरी आहे, आणि स्वाक्षरी खोडून वही स्वच्छ होत नाही.

या साऱ्याचा घराशी खरा संबंध येतो तो वाटणीच्या वेळी. तीन भावांत नव्वद रुपये वाटायचे असले की तीस-तीस मोजून किंवा काट्यावर तोलून देण्याची रीत आहे. वजनाने ती निर्दोष असते. परंतु एकाच्या वाट्यात कोरा १९११ चा रुपया आणि दुसऱ्याच्या वाट्यात डाख लावलेले तीस रुपये गेले, तर ती वाटणी समान राहत नाही, आणि दहा वर्षांनी कोणाच्या तरी मुलाला ते कळते. ज्यांनी परिग्रह-परिमाणाचे व्रत घेतले आहे त्यांच्यापुढेही हिरण्याच्या मर्यादेत हा रुपया कोणत्या मोलाने धरावा असा प्रश्न येतो : एक रुपया, तोळाभर चांदी, की संग्राहक देईल ती किंमत? उत्तर गुरुमहाराजांना विचारावे; पण प्रश्न विचारण्यासाठी आधी आपल्याजवळ काय आहे हे ठाऊक हवे.

त्यासाठी फार साधने लागत नाहीत. खाली मऊ कापड अंथरावे, नाणे नेहमी कडेने धरावे, एकच दिवा, दागिन्यांच्या दुकानात असते तसे दहापटीचे भिंग, आणि दशांश ग्रॅमपर्यंत अचूक काटा. दोन्ही बाजू पाहाव्यात आणि शंका असेल तेव्हा खालची प्रत लिहावी. धूळ वा तेलकटपणा असल्यास शुद्ध पाण्यात नाहीतर ॲसिटोनमध्ये नुसते बुडवून निथळू द्यावे, चोळू नये. बाजारातील स्वस्त मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटांतून कालांतराने हिरवट चिकट थर सुटतो, ती टाळावीत. पूजेसाठी नवी चांदीची नाणी वेगळी ठेवावीत आणि जुनी मांडायचीच असतील तर पारदर्शक डबीसह मांडावीत, म्हणजे ओले कुंकू अक्षरांच्या खाचांत बसणार नाही. आणखी एक कायद्याची बाब : शंभर वर्षे जुने नाणे १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तूत मोडते आणि सरकारी परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी असलेल्या मुलीच्या हाती सहज म्हणून दोन राणीछाप रुपये देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

नोंद मात्र व्यापारी घराला शोभेल अशी, वहीत, स्वच्छ अक्षरात असावी. उदाहरणार्थ : ‘राणी व्हिक्टोरिया, एक रुपया, १८६२. वजन ११.५ ग्रॅम. पुढील बाजू व्हेरी फाइन, मागील बाजू त्याहून थोडी बरी. बाराच्या जागी कडेवर जुना डाख. पूर्वी घासलेले.’